सत्तेचाळीस नंबरच्या बागेतून काकू गेली कुठे?

अन्याय झाला तो मालती सबनीस यांच्यावर. वय अडुसष्ट, कायमचा पत्ता कोथरूड, उन्हाळ्यातला पत्ता ड्रेस्डेन. वेळ : गेल्या ऑगस्टमधला दुसरा शनिवार, दुपारचे चार, म्हणजे जर्मन माणूस कॉफी आणि केक घेऊन बसतो ती वेळ. ठिकाण : बागांची एक वसाहत, प्लॉट नंबर सत्तेचाळीस. अन्याय करणारा : फोटो जुळवणारं एक सॉफ्टवेअर, आणि ते चालवणारे आम्ही दोन सुशिक्षित.

मालती सबनीस ही माझी काकू. मी पुण्यात टेकडी वाचवणाऱ्या एका गटात आहे आणि माझ्याकडे पत्रकं लिहिण्याचं काम आहे. पहिल्या ओळीत अन्याय कुणावर झाला ते आलं नाही, तर लोक पत्रकात भेळ बांधून घेतात, हे मी फार लवकर शिकले. म्हणून हे प्रवासवर्णन असलं तरी सुरुवात अशी. बाकी काळजी नको. मी तिथून वजन वाढवून आणि बऱ्यापैकी खुशीत परत आले आहे.

ट्रॅममधली हकिगत

काकूचा मुलगा मंदारदादा ड्रेस्डेनला चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहे. तो मला नॉयश्टाट स्टेशनवर घ्यायला आला, आणि ट्रॅममध्ये बसल्याबसल्या मी टेकडीबद्दल काही सांगायच्या आत त्यानं अळूची गोष्ट सुरू केली.

तिकडे फ्लॅटमध्ये राहणारी माणसं शहराच्या कडेला बागेचा एक तुकडा भाड्यानं घेतात. त्याला क्लाइनगार्टन म्हणतात. प्रत्येकाचा नंबर, प्रत्येकाची लाकडी खोली, मधून पायवाटा आणि वर एक कमिटी. दादानं असा तुकडा घेतला, त्यात दोन वर्षं गवत वाढवलं, आणि मग उन्हाळ्याच्या व्हिसावर काकू आली. तिनं गवत काढलं. मेथी, घेवडा, लाल माठ लावला. एशियन दुकानातून अळकुड्या आणून मोठ्या कुंड्यांत अळू लावलं. थंडीत दादा त्या कुंड्या खोलीत ओढून ठेवतो आणि काकू व्हिडिओ कॉलवर त्याला पाणी किती घालायचं ते सांगते. असं दरवर्षी.

नियम असा आहे की बागेच्या निदान एक तृतीयांश भागात खाण्याचं काहीतरी पिकलंच पाहिजे. फुलं आणि हिरवळ उरलेल्यात. मी चिडायच्या तयारीनं ऐकत होते, पण या नियमावर चिडता येईना. आमच्याकडे मोकळ्या जागेत पार्किंग सोडून काही पिकत नाही.

"मग अडलंय कुठे?" मी विचारलं.

"गेनाऊ," दादा म्हणाला. हा शब्द आता त्याच्या तोंडी 'हो ना' सारखा बसलाय. "अडलंय अळूत."

जूनमध्ये कमिटीची बागफेरी झाली. अध्यक्ष हेर लिंडनर (हेर म्हणजे आपलं श्रीयुत), निवृत्त रेल्वेवाले, उंच आणि अतिशय कर्तव्यदक्ष. अळूच्या कुंड्या बघून म्हणाले, ही तर शोभेची झाडं, मोठमोठ्या हॉटेलांच्या दारात असतात तसली. अळू धरलं नाही तर प्लॉट एक तृतीयांशाला कमी पडत होता. काकूनं हातवारे करून सांगितलं की हे खायचं असतं. एसन, एसन. त्यावर हेर लिंडनर यांनी तपासणी करणाऱ्या माणसाला शोभेल असंच केलं. पानाचा कोपरा तोडला आणि चावला. कच्चा.

संध्याकाळपर्यंत त्यांचा घसा खाजत होता. त्यामुळे निकाल असा लागला : शोभेचं, शिवाय खाजरं. हिवाळ्याआधी काढावं.

घरी पोचल्यावर मी काकूला याबद्दल छेडलं. ती चिंच कोळत होती. "मला विचारायच्या आत तोंडात घातलंन त्यानं," ती म्हणाली. "म्हैससुद्धा आधी वास घेते." मग हात झटकून म्हणाली, "शनिवारी त्यांचा समरफेस्ट आहे. शनिवारी बघते."

शनिवार, सत्तेचाळीस नंबर

काकू त्या दिवशी जांभळी इरकल नेसली होती, लाल काठाची, आणि खाली पांढरे स्पोर्ट्स शूज. ऋजुतावहिनी म्हणाली, अहो आई, बागेत चिखल असतो. काकू म्हणाली, असू दे.

बाग मला आवडली. लपवण्यात अर्थ नाही. कुंपण छातीपर्यंतच, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला बाग दिसलीच पाहिजे. नासपतींच्या ओझ्यानं फांद्या वाकलेल्या, त्यांना टेकू दिलेले. दुपारी एक ते तीन कुणी आवाज करायचा नाही, म्हणून लोक कुजबुजत टेबलं मांडत होते. तीन वाजले आणि तोंडाला लावलेलं झाकण काढल्यासारखा गलका सुरू झाला. आमच्या कॉलनीत ही शिस्त आली तर गणपती मंडळाचे कार्यकर्ते शहर सोडून जातील.

टेबलावर बटाट्याचं सॅलड, सॉसेज, आणि आयरशेके नावाचा त्या भागातला केक : खाली पाव, मध्ये चक्क्यासारखा थर, वर अंड्याची मऊ साय. मी तीन तुकडे खाल्ले. केकांच्या रांगेत आमचा स्टीलचा डबा. वड्या घरून उकडून आणल्या होत्या, काकू त्या लाकडी खोलीतल्या छोट्या शेगडीवर परतत होती, आणि तिळाचा वास कॉफीच्या वासात मिसळून पायवाटेवर चालत गेला असावा, कारण लोक येऊ लागले.

हेर लिंडनरही आले. डब्यापासून हातभर लांब उभे राहिले.

काकूनं बशी पुढे केली. "बिट्टे. घ्या हो. आज नाही खाजायचं."

दादानं भाषांतर केलं, पण त्याची गरज नव्हती. लिंडनर यांनी एक वडी उचलली, चावली, गिळली, आणि घड्याळाकडे बघत थांबले. सगळी वसाहत थांबली. मी जाहीर सभेत निकालाची वाट बघितली आहे, पण इतक्या शांततेत कधी नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी गळ्यावरून हात फिरवला आणि दुसरी वडी घेतली. मग तिसरी. "कमिटीत बघू," एवढंच म्हणाले. कमिट्या सगळीकडे सारख्याच.

मग फोटो. वसाहतीच्या क्लबघरात लावायला वरून काढलेला एक मोठा फोटो हवा होता, आणि दादाकडे ड्रोन आहे, पाव किलोहून हलका. त्यासाठी नोंदणीचा नंबर, विमा, प्रत्येक बागवाल्याची परवानगी, आणि माणसांच्या डोक्यावरून न्यायचा नाही म्हणून शेजारच्या कुरणावरून तिरकं उडवणं, हे सगळं त्यानं केलं होतं. ऊन कडक, तंबू पांढरे, झाडाखाली मात्र काळोख. एका फोटोत हे सगळं मावत नाही : तंबू जमला तर सावली काळी, सावली जमली तर आकाश जळून पांढरं. म्हणून ड्रोन एका दमात पाच फोटो घेतो, अंधाऱ्यापासून लख्खपर्यंत, आणि नंतर सॉफ्टवेअर पाचांतला बरा बरा भाग घेऊन एक फोटो जुळवतं. याला एचडीआर म्हणतात. अट एकच : तेवढा वेळ कुणी हलायचं नाही.

लिंडनर यांनी टाळी वाजवून ही अट सांगितली आणि अख्खी वसाहत थिजली. काटे हवेत, कप ओठाशी. एक कुत्रासुद्धा बसला. दादाची लेक ईरा, जी घरात मराठी सगळं समजून उत्तर जर्मनमध्ये देते, ती एक पाय वर करून उभी राहिली. लोक हलले नाहीत म्हणजे नाहीतच.

रविवार, एल्ब नदीवर

फोटो शनिवारी संध्याकाळीच जुळवला. उजेड आठनंतरही होता. पहिल्यांदा सॉफ्टवेअर म्हणालं, जुळत नाही. दादानं चुकून चार फोटो एका दमातले आणि एक पुढच्या दमातला दिला होता, आणि मधल्या काळात ड्रोन थोडा वळला होता. ते सुधारलं. मग जुळला, पण वाऱ्यानं पानं हललेली, त्यामुळे प्रत्येक फांदीला दुहेरी कडा आणि क्लबच्या झेंड्याच्या तीन पुसट प्रती. यावर त्या सॉफ्टवेअरमध्ये सोय आहे : पाचांत जे एका जागी नाही ते काढून टाक. कमी, मध्यम, जास्त, असे तीन दर्जे. मी म्हटलं, जास्त दे. दादानं दिला. फोटो काचेसारखा स्वच्छ झाला. लिंडनर यांना पाठवला, त्यांचं तासाभरात उत्तर : उत्तम, सोमवारी दुपारपर्यंत छपाईला द्या.

रविवारी दुकानं बंद, म्हणून सगळं शहर नदीवर किंवा डोंगरात असतं. आम्ही जुन्या चाकाच्या बोटीनं एल्बवरून वर गेलो, वाळूच्या दगडांच्या त्या उभ्या कड्यांकडे. काठावरच्या कुरणांत मेंढ्या चरत होत्या, शहरात, पुलाखाली, आणि कुणी तिथे टॉवर बांधलेला नव्हता. एवढ्यावरही मी चिडले, पण पुण्यावर. पाणी उथळ आणि चहाच्या रंगाचं. पुढे कडे सुरू झाले, झाडांतून वर आलेले, कुणी दळताना अर्धवट सोडून दिलेल्या जात्यासारखे. काकूनं डब्यातून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. शेजारच्या बाकावरच्या जोडप्यानं उकडलेली अंडी काढली. दोन्हीकडून एकमेकांना देऊन झालं.

मंगळवारी काकूचं विमान होतं. तिचा गुडघा आता जिन्यावर थांबून थांबून चढतो. पुढच्या उन्हाळ्याचं ती काही बोलत नव्हती आणि दादा विचारत नव्हता. दशमी संपवून ती म्हणाली, तो फोटो दाखव की रे, भिंतीवर लागायच्या आधी मला बघायचाय.

दादानं टॅबलेटवर फोटो उघडून दिला. काकू चष्मा सारखा करून बोटानं चालू लागली. "हा लिंडनर. अजून चावतोय. ही आपली ईरा, एका पायावर. हा डबा. ही क्राउझंबाई खोलीच्या सावलीत. ही कुंडी, ही कुंडी, ही कुंडी." बोट पायवाटेवरून एकदा खाली गेलं, एकदा वर आलं. मग तिनं टॅबलेट परत दिला. "छान आलाय," म्हणाली आणि डब्याचं झाकण लावायला लागली.

मला काहीतरी खटकलं. "काकू, तू कुठेयस यात?"

"असेन कुठेतरी. वाढत होते ना."

दादानं फोटो मोठा केला. टेबल, पायवाट, पंप, खोली. एकेक माणूस मोजदाद केल्यासारखा हजर. जांभळं काहीच नाही. तीन महिने ती बाग जिनं राखली, ती सोडून सगळे होते.

काय झालं ते तिथल्या तिथे कळलं. टाळी वाजल्यावर सगळे थिजले, आणि काकू निघाली. क्राउझंबाई शेजारच्या प्लॉटवरच्या, त्या काठी घेऊन लांब बसल्या होत्या, त्यांना वडी पोचली नव्हती, आणि वडी गार होत होती. पंगत बसलेली असताना वाढणारीनं थांबायचं, हे काकूला कुणी कधी शिकवलेलं नाही. सगळ्या वसाहतीत हलणारी एकच व्यक्ती. आणि आम्ही मशीनला सांगितलं, हलेल ते काढ.

मी बोटीवरच पत्रकाच्या भाषेत गेले. जी राबते ती फोटोत नाही, जे बसून खातात ते भिंतीवर. घराघरांतून हेच चाललंय, आता त्याला सॉफ्टवेअरचीही साथ. हे बरंच मोठ्यानं झालं असावं, कारण अंडीवाल्या जोडप्यानं वळून बघितलं. काकू म्हणाली, "रेवा, खाली बस. पाण्यात पडशील."

जुळवाजुळव

घरी येऊन दादा आणि मी स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसलो. हलणारं काढायची सोय बंद केली : काकू परत आली, पण धुरासारखी, पायवाटेवर पाच पुसट जांभळे डाग. कमी दर्जा दिला : लाल काठ आला, साडी नाही. मध्यम दिला, तेव्हा मात्र आम्ही दोघंही पडद्याकडे वाकलो. उन्हातल्या वाटेवर एक स्वच्छ सावली होती, हातात बशी धरलेली, आणि ती ज्या माणसाची, ते माणूस नव्हतं.

"आल्झो, तर मग," दादा म्हणाला, "मशीन हे करणार नाही. हातानं करावं लागेल."

उपाय साधा होता, आम्हाला उशिरा सुचला. स्वच्छ जुळवलेला फोटो खाली ठेवायचा. पाचांपैकी ज्या एका फोटोत काकू नीट आहे तो त्याच्यावर ठेवायचा, रेषेला रेष जुळवायची, कारण ड्रोन वाऱ्यानं बोटभर सरकलेला असतो. मग वरचा सगळा झाकून फक्त काकूपुरता ब्रशनं उघडायचा. प्रश्न एवढाच, पाचांपैकी कोणती काकू?

मी तिसरा फोटो निवडला. त्यात ती क्षणभर थांबल्यासारखी दिसत होती, बशी अंगाआड गेलेली. मी म्हटलं, हीच ठेवू. निदान भिंतीवर तरी तिच्या हातात काम नको.

काकू मागे येऊन उभी होती. "बाकीचे दाखव," म्हणाली.

दादानं एकेक दाखवला. चारही तिनं मानेनंच नाकारले. पाचवा आम्ही उघडणारच नव्हतो. तो सगळ्यांत लख्ख, आकाश जळालेलं, तंबू कागदासारखे कोरे. पण काकू तोवर लाकडी खोलीच्या सावलीत पोचली होती, आणि सावलीला तेवढाच प्रकाश लागत होता. ऊन गेलं होतं वाया, पण सावलीतली दोन माणसं लख्ख दिसत होती : काकू बशी पुढे करून वाकलेली, आणि क्राउझंबाईंचा हात नियम मोडून उचललेला. इरकलीचा काठसुद्धा मोजता आला असता.

"हा," काकू म्हणाली.

"यात तू कामच करतेयस काकू."

"काम कसलं? उभ्या जन्मात पहिल्यांदा मी परक्या मुलुखात माझ्या हातच्या अळूची वडी चारचौघांत मांडली. त्या लांबुडक्यानं तीन खाल्ल्या. मी मिरवत होते गं." ती माझ्याकडे बघून हसली. "तुला एवढंही कळू नये?"

बोटीवरचं माझं सगळं भाषण तिथे बसलं. काकू राबत होती हे मी ठरवलं होतं, तिला न विचारता. मशीननं तिला काढलं आणि मी तिला बिचारी केलं. यातलं जास्त वाईट कोणतं, हे मी अजून ठरवलेलं नाही. पण मिरवणाऱ्या बाईला तिच्या मिरवणुकीतून काढणं हा अन्याय तरीही अन्यायच, आणि तो दुरुस्त करायचा होता.

ब्रश दादानं चालवला, मी काठ बघत होते. साडीला आधी हिरवट झाक आली, ती काढली. क्राउझंबाईंचे दोन हात झाले, खालचा पुसला. पहाटे लवकर ईरा उठून आली, पडद्याकडे बघून म्हणाली, "दा इस्ट ओमा," आणि दूध मागून निघून गेली. आजी सापडली होती. आम्हाला तेवढं प्रमाणपत्र पुरलं.

सोमवार, क्लबघर

फाईल घेऊन काकूसकट आम्ही स्वतः लिंडनर यांच्याकडे गेलो, कारण फोटो एकदा मंजूर झाला होता आणि मंजूर गोष्ट परत उघडणं तिथे सोपं नसतं. मी सगळं इंग्रजीत सांगायला सुरुवात केली, अन्यायापासून. त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि दादाला जर्मनमध्ये एकच गोष्ट विचारली : फोटोखाली प्रत्येक प्लॉटसमोर भाडेकरूचं नाव येतं, ही बाई भाडेकरू नाही, मग हिला काय म्हणून लिहायचं?

दादा अडखळला. "माझी आई", "पाहुणी", असं काहीतरी जुळवू लागला. काकूला प्रश्न समजला होता की नाही कोण जाणे, पण ती मध्येच म्हणाली, "त्याला म्हणावं, माळीण लिही."

दादानं सांगितलं. लिंडनर यांनी लिहिलं. मग त्याच ओळीत आणखी दोन शब्द लिहिले आणि कागद आमच्याकडे वळवला. सत्तेचाळीस, सबनीस, माळीण मालती. पुढे : टारो (म्हणजे अळू), भाजी.

कमिटी बसल्याशिवाय 'भाजी' हा शब्द पक्का होत नाही, हे त्यांनी बजावलं. पण त्यांनी पेनानं लिहिलं होतं.

छपाई दुपारी झाली. संध्याकाळी क्लबघरात लिंडनर यांनी पाणसळ लावून, बुडबुडा मधोमध येईपर्यंत चारदा खिळा बदलून, फोटो टांगला. क्राउझंबाई काठी टेकत आल्या, आपला वर उचललेला हात बघून लाजल्या. काकूनं चष्मा सारखा केला आणि भिंतीशी नाक लावून बराच वेळ बघितलं.

"पदर जरा वर घ्यायला हवा होता," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती गेली. कुंड्या दादाकडे आहेत. पुढच्या उन्हाळ्याचं अजून कुणी काही बोललेलं नाही.

आता मागणी, आणि ती तुमच्याकडे. हे वाचून झालं की उठा. घरातल्या शेवटच्या मोठ्या कार्याचा फोटो बाहेर काढा, मुंज, लग्न, बारसं, काही असो. त्यात सगळे उभे असतील. कोण नाही ते शोधा. त्या वेळी ती व्यक्ती कुठे होती आणि काय करत होती, हे तिलाच जाऊन विचारा, स्वतः ठरवू नका. ती सांगेल ते फोटोच्या मागे लिहा.

पेनानं.